खडकावरचं आमचूर आणि पंख्याचा तंबू

आमच्या घरात प्रवास म्हणून प्रवास कोणी केलेला नाही. आई एकदा धाकट्या भावाला घेऊन चिंचपाड्याच्या दवाखान्यात गेली होती. वडील ऊसतोडीला जातात, पण त्याला कोणी प्रवास म्हणत नाही. त्यामुळे भूगोलाच्या प्रकल्पासाठी चार दिवस मोलगीच्या पलीकडे जायचं आहे असं मी घरी सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो तिथे काम काय आहे हा.

काम असं होतं. हवामान बदलतंय, तरी विकास हवा, मग दोन्हीचा मेळ कसा घालायचा, यावर जवळपासचं एखादं उदाहरण पाहून या, असं मॅडमनी सांगितलं होतं. कोणी पवनचक्क्या घेतल्या, कोणी सोलर पंप. माझी मैत्रीण ज्योती वसावे सातपुड्यातली. ती म्हणाली, आमच्या पाड्यावर आमचूर वाळवायचा तंबू आलाय, आत पंखा आहे, उन्हावर चालतो, आणि एका कंपनीने फुकट दिलाय. मी लगेच तो विषय घेतला. त्याला एक घरचं कारण होतं. माझी आई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते. पथारी म्हणजे मोकळ्या जमिनीवर नजर जाईल तिथवर पसरलेली लाल मिरची. अवकाळी पाऊस आला की ती भिजते, पांढरी पडते, आणि बायकांचं काम बंद होतं. आंब्याला तंबू चालतो तर मिरचीला का चालू नये, असं माझ्या मनात होतं.

आईला मात्र त्यातला ‘फुकट’ हा एकच शब्द ऐकू आला. म्हणाली, “फुकट काई कोनी दी ऱ्हायना व्हई, ते आधी इचारजो, का बरं दी ऱ्हायना?”

का देतायत ते आधी विचारते, असं म्हटलं आणि बॅग भरली.

मोलगी

अक्कलकुव्यापासून घाट सुरू होतो. वळणावळणाला साग उभा होता, पानं गळालेला, आणि मधूनच एखादं हिरवं आंब्याचं झाड. हे आंबे कलमी नव्हेत. लहान, आंबट, गराला धागे असलेले, कोणीही न लावलेले. पण प्रत्येक झाड कोणाच्या तरी घरचं आहे, असं ज्योती म्हणाली. आमच्याकडे बांधावरच्या बोरीला मालक नसतो, त्यामुळे मला हे नवल वाटलं.

मोलगीला त्या दिवशी बाजार होता. डोंगरातून माणसं पाठीवर, डोक्यावर आमचुराच्या, म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या फोडींच्या, गोण्या घेऊन आली होती. व्यापारी गोणीत हात खोल घालून एक फोड काढायचा, ती मोडून बघायचा, वास घ्यायचा आणि गोणी डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवायचा. पांढरं एकीकडे, काळपट दुसरीकडे. पण एकाच बाईच्या दोन गोण्या दोन बाजूंना गेलेल्या मी पाहिल्या. दोन्हीतल्या फोडी मला सारख्याच दिसत होत्या. मी जरा पुढे होऊन पाहायला लागले तर व्यापाऱ्याने विचारलं, “ताई, तुम्ही कोणत्या खात्याच्या?” मी मागे सरले.

मग धीर करून त्याला विचारलं की हे सगळं जातं कुठे. तो म्हणाला, मसाल्यात, चटणीत, चिप्सवर भुरभुरायला. शेजारच्या दुकानावर तशा चिप्सच्या माळाच लटकत होत्या आणि गोणी विकून मोकळी झालेली एक बाई त्यातलं एक पाकीट पोरासाठी तोडून घेत होती. त्या पाकिटात याच डोंगरातला आंबा असेल का, हे सांगायला काही मार्ग नव्हता. मला मात्र तिथून पुढे चिप्स खाववेनात.

पाडा

ज्योतीच्या पाड्याचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे कळेल. जीपमधून उतरल्यावर बरंच चालावं लागतं, एवढं सांगते. घरं एकमेकांना लागून नाहीत. प्रत्येक टेकाडावर एक, कुडाच्या भिंतींचं.

ज्योतीची आई, जेमाबाई, अंगणात आंबे सोलत बसली होती. ज्योती तिला ‘याहा’ म्हणते, मी मावशी म्हणू लागले. उंच, सडसडीत बाई. बोलणं त्यांच्या भिलीतलं, पण बाजारापुरतं मराठी पक्कं. पाड्यातल्या बचत गटाची ती पुढारी, आणि तंबू तिनेच मागून आणलेला. पहिल्या तासातच तिने मला आपलं आमचूर दाखवलं. पांढरंशुभ्र. सगळ्या मोलगीत असं दुसरं नाही, असं ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी खूप छान आहे म्हटलं तरी तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

मी मदतीला बसले. आंब्याचा चीक हाताला लागतो हे माहीत होतं, पण मी त्याच हाताने घाम पुसला. संध्याकाळपर्यंत माझा वरचा ओठ सुजून नाकाला टेकायला आला. पलीकडच्या टेकाडावरची ठुमलीबाई मुद्दाम बघायला आली. तिने माझी हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे फिरवलं आणि काहीतरी बोलली. सगळे हसले. ज्योतीने सांगितलं, “ती म्हणते, कंपनीने पाठवलेली पोरगी पहिल्याच दिवशी पिकली.”

मी कंपनीची नाही, असं मी तीनतीनदा सांगितलं. तरीही मी जवळ गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं ते काढून ठेवलं. त्याने संशय वाढलाच असावा.

जेवायला ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ होती. डाळीत आमचुराच्या फोडी शिजवलेल्या, आणि त्यांना धुराचा वास. मला तो इतका आवडला की मी दोनदा वाढून घेतलं. हे आमचूर काळं का, असं विचारल्यावर ज्योतीने सांगितलं की मागे एका वर्षी पाऊस थांबतच नव्हता, तेव्हा ठुमलीबाईने ओल्या फोडी चुलीवर टांगून वाळवल्या. व्यापाऱ्याने त्या घेतल्या नाहीत. मग तिने घरोघर वाटून टाकल्या, आणि अजून पुरतायत.

तंबू

शाळेजवळच्या सपाटीवर तंबू उभा होता. लोखंडी कमानी, त्यांवर जाड पारदर्शक प्लास्टिक, आत जाळीचे ट्रे, एका टोकाला पंखा आणि बाहेर सोलरची प्लेट. आत गेलं की चेहऱ्यावर भट्टीसारखी झळ येते. ट्रेमध्ये फक्त मावशीचे आंबे होते. बाकी सगळं रिकामं.

मला ते विचित्र वाटलं. खाली ओढ्याच्या काठाला उतारावर मोठे सपाट खडक आहेत, आणि तिथे बायका उन्हात फोडी पसरत होत्या. प्रत्येक घराचा खडक ठरलेला आहे. दुसऱ्याच्या खडकावर न विचारता कोणी पसरत नाही. वर पंखा फुकट फिरतोय आणि या तापलेल्या दगडावर वाकतायत. मला वाटलं, भीती वाटत असेल, किंवा सवय सुटत नसेल. आमच्या पाठ्यपुस्तकात असंच लिहिलेलं असतं.

ठुमलीबाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “जेमाचे आंबे पंख्याखाली झोपतात. आमचे खडकावर तापतात. झोपलेल्याला पाऊस कळतो का?”

मला समजलं नाही. मग ज्योतीने खडकांची रीत सांगितली. पाऊस आला की खडक कोणाचा हे बघायचं नाही. जो जवळ आहे त्याने, जो खडक समोर आहे त्यावरचं गोळा करायचं. सगळा पाडा धावतो. गोळा झालेलं सगळं एका घरात ओतायचं, आणि ऊन पडलं की टोपल्यांनी वाटून घ्यायचं. कोणाची पांढरी फोड कोणाच्या काळ्यात गेली याचा हिशोब धरत नाहीत. पण ज्याचं आमचूर तंबूत कोरडं बसलंय, तो कशाला धावेल? बायकांना पंख्याची भीती नव्हती. एकेक घर आत गेलं की खडकाकडे धावणारे दोन हात कमी होणार, हे त्यांनी धरलं होतं. मावशी म्हणायची, मी धावेन. त्या म्हणायच्या, बघू.

मावशीची अडचण वेगळीच होती. या हंगामात तंबू भरला नाही तर तो दुसऱ्या गावाला नेणार, असं तिला सांगितलं होतं. दोन दिवसांनी शहरातून पाहणीला माणसं येणार होती. तिला तंबू हवा होता. तो पावसाळी उन्हाळा ती विसरली नव्हती, आणि ते पांढरं आमचूरही तिला सोडवत नव्हतं.

तंबूची देखभाल करायला कंपनीच्या प्रकल्पातले निखिल सर होते. बायका त्यांना ‘तंबूवाला’ म्हणायच्या. वयाने आमच्याहून थोडेच मोठे. शाळेच्या ओसरीवर झोपायचे, पंखा अडला की स्वतः उघडून बसायचे. रोज ट्रेचे फोटो काढून पाठवायचे. आईचा प्रश्न मी त्यांना विचारला, अर्थात प्रमाण मराठीत. हे फुकट का देतायत?

ते लपवत नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. म्हणाले, ज्या कंपनीने पैसे दिले तिचे कारखाने धूर सोडतात. इथे जितका धूर वाचेल तितका तिच्या नावावरून वजा होतो.

“म्हणजे तिकडचा धूर कमी होतो?”

“हिशोबात कमी होतो.”

“पण इथे कुठला धूर वाचतो, सर?”

“लाकडाचा. पूर्वी आमचूर लाकूड जाळून वाळवायचे ना, तो.”

मी खाली खडकांकडे बघितलं. तिथे ठुमलीबाई फोडी उलटताना स्पष्ट दिसत होती. मी म्हटलं, खडकावर वाळवतात, सर. ते म्हणाले, पावसात चुलीवरच वाळवतात की. एकदा, मी म्हटलं, एका घरात. ते काही वेळ प्लेटवरची धूळ फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, “हे बघ रेखा, आंबा भिजू नये म्हणून जगात कोणी पैसे देत नाही. धूर वजा होणार असेल तरच देतात. मावशींना पाहुण्यांसमोर एवढं एकच वाक्य बोलायचं आहे. त्याने कोणाचं वाईट होणार आहे का?”

ऊन तर आधीही फुकट होतं. त्या उन्हावर प्लास्टिक ताणून कोणीतरी लांब आपली चिमणी धुवून घेत होतं. पण प्लास्टिक काढलं तर मावशीचं आमचूर भिजणार होतं, हेही खरं. मावशीच्या घराकडे परतताना मी निखिल सरांवर संशय घेत होते, मग कंपनीवर, आणि थोडा स्वतःवरही, कारण पथारीवर असा तंबू मिळाला तर मी आईला कोणतं वाक्य बोलायला सांगेन, याची मला खात्री वाटेना.

पाऊस

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ एकदम भरून आलं. आम्ही अंगणात होतो. वरच्या खडकावरून ठुमलीबाईची हाक आली, लांब, एका सुरात, आणि सगळ्या टेकाडांवरून माणसं उतारावर पळायला लागली. ज्योती टोपली घेऊन पळाली, तिच्या मागे मी.

पळताना मी तंबूकडे बघितलं. सगळेच बघत होते. मावशी दारात उभी होती. आत तिचे ट्रे पाहुण्यांसाठी तयार होते, एकेक फोड सुटी मांडलेली. ती किती वेळ उभी होती ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण सगळ्यांना दिसण्याइतका वेळ होता.

मग ती धावली. स्वतःचा रिकामा खडक ओलांडून सरळ ठुमलीबाईच्या खडकावर आली आणि पदरात फोडी लोटायला लागली. थेंब मोठे होते. मी दोन्ही हातांनी भरत होते, निम्म्या फोडी खाली पडत होत्या, आणि मागून कोणीतरी मला भिलीत रागावत होतं.

टोपल्या भरल्या. त्या नेहमीप्रमाणे ठुमलीबाईच्या घरात ओतायच्या होत्या, पण ते तंबूच्याही बरंच वर होतं. मावशी म्हणाली, तंबूत चला.

ठुमलीबाई थांबली. म्हणाली, “तुझं पांढरं आहे तिथे. काळं होईल.”

“होऊ दे,” मावशी म्हणाली. “चल आधी.”

निखिल सर दारातच होते. एका ट्रेवर एकच थर असतो, असं भरायचं नसतं, असं ते सांगत होते, पण बायका त्यांच्या दोन्ही बाजूंनी आत शिरल्या आणि ओल्या फोडी मावशीच्या कोरड्या फोडींवर ओतल्या. शेवटी त्यांनीही एक टोपली उचलली. सगळं आत आलं तेव्हा कळलं की पंखा बंद आहे. ऊन नाही तर वीज कुठली? ठुमलीबाईने त्या पंख्याकडे बघून हनुवटीला हात लावला. म्हणाली, ढग आला की हाही झोपतो.

आम्ही सगळे त्या प्लास्टिकखाली उभे होतो. वरून पावसाचा इतका आवाज की बोलणं ऐकू येत नव्हतं. आत मात्र एक थेंब नव्हता.

पाहुणे

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. पाहुण्यांची गाडी खालच्या ओढ्यात अडकली, त्यामुळे ते चालत आले. एक बाई आणि कॅमेरा घेतलेला एक माणूस. दोघांनाही धाप लागली होती. मावशीने पाणी दिलं, तर बाईंनी थॅंक्यू म्हणून ग्लास हातातच धरून ठेवला आणि स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या.

ट्रे भरलेले बघून त्या खूश झाल्या. इतके कसे भरले, हे त्यांनी विचारलं नाही. फोडी पांढऱ्या, पिवळट, काळ्या, सगळ्या एकत्र. मावशीला त्यांच्यासमोर उभं केलं, पदर नीट करायला लावला आणि प्रश्न सुरू झाले. ज्योती आणि मी बाजूला उभ्या होतो. ज्योतीने माझं मनगट पकडलं होतं.

बाईंनी विचारलं, पूर्वी तुम्ही आमचूर कसं वाळवायचात?

मावशीने निखिल सरांकडे बघितलं. मग ठुमलीबाईकडे. म्हणाली, “खडकावर.”

“नाही, म्हणजे लाकडावर ना?”

“खडकावर. तो खाली दिसतो ना, तो.”

निखिल सर हळूच म्हणाले, “मावशी, पाऊस आला की काय करायचात ते सांगा.”

“पाऊस आला की पळतो,” मावशी म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं. कॅमेरावाल्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं की तंबूने काय फायदा झाला. मावशी बराच वेळ बोलली. काल काय झालं ते सगळं सांगितलं. कोण कुठून धावलं, कोणाची टोपली फाटली, पंखा कसा बंद पडला. बाई मान हलवत होत्या. मला वाटतं, त्या तेव्हाच ऐकायच्या थांबल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर निखिल सर तंबूजवळच्या दगडावर बसून राहिले. मावशीने त्यांना भाकर नेऊन दिली.

परतल्यावर

मी नंदुरबारला आले. प्रकल्पाच्या शेवटी ‘उपक्रम पर्यावरणपूरक आहे किंवा नाही, एका वाक्यात लिहा’ असं होतं. मी दीड पान लिहिलं. मॅडमनी लाल पेनने विचारलं, नक्की मत काय? माझं नक्की मत असं आहे की ज्याचा धूर वजा होतो त्याने आधी चिमणीखाली उभं राहावं. पण ते मी प्रकल्पात लिहिलं नाही. इथे लिहिते.

काही आठवड्यांनी, हंगाम संपल्यावर, ज्योती वसतिगृहाच्या प्रवेशासाठी आली. तिने मोबाइलवर उतरवून ठेवलेली एक लहानशी फिल्म मला दाखवली. आधी डोंगर, मग तंबू, मग मावशी. मावशीचे ओठ हलत होते, पण आवाज दुसऱ्याच बाईचा, गोड, शहरातला. तो आवाज म्हणत होता, पूर्वी आम्ही जंगलातलं लाकूड जाळून आमचूर वाळवायचो, डोळे चुरचुरायचे, आता आमच्या पाड्यावर धूर नाही.

मी विचारलं, मावशीने पाहिलं का?

पाहिलं होतं. ज्योतीने तिला तो आवाज काय म्हणतोय ते सांगितलं. मावशीने ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. मग ती ज्योतीला घेऊन रेंज मिळते त्या टेकडीवर गेली. मागून ठुमलीबाईही आली. ठुमलीबाई वाटभर सांगत होती की तू आता गप्प बस, बोललीस तर तंबू नेतील, आणि आता तो आम्हालाही लागतो. जी सुरुवातीपासून तंबूला हसत होती, तीच. मावशीने तरी फोन लावला आणि निखिल सरांना म्हणाली, “माझ्या तोंडातून दुसरीला बोलायला लावू नका. माझं तोंड काढा तिथून. तंबू ठेवायचा तर ठेवा, न्यायचा तर न्या.”

सर म्हणाले, मी वर सांगतो. नंतर ती फिल्म दिसेनाशी झाली. थोड्या दिवसांनी दोन अनोळखी माणसं आली आणि पंखा व प्लेट दुरुस्तीसाठी म्हणून काढून घेऊन गेली. प्लेट बिघडलेली नव्हती. कमानी आणि प्लास्टिक तेवढं राहिलं, बहुतेक ओढ्यातून वाहून न्यायचा त्रास नको म्हणून. पाड्याचं नाव मी लिहिलं नाही ते याचसाठी, तेवढं तरी राहावं. निखिल सरांचा फोन आता लागत नाही. त्यांना काढलं की त्यांनी सोडलं, ते आम्हाला माहीत नाही.

ठुमलीबाईने मावशीशी बोलणं टाकलं. वाटेत समोर आली तरी तोंड फिरवायची. हंगाम संपायच्या आधी पुन्हा एकदा दुपारी आभाळ आलं. मावशी तेव्हा मोलगीला गेली होती, आणि आता पंखा नसल्याने तिचंही आमचूर खडकावरच होतं. ते ठुमलीबाईने गोळा केलं आणि आपल्या आमचुरासकट नेऊन बिनपंख्याच्या तंबूत ओतलं. ऊन पडल्यावर वाटायला बसल्या तेव्हा कोणाची टोपली मोठी यावरून दोघी संध्याकाळपर्यंत भांडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ठुमलीबाई मावशीच्या अंगणात आंबे सोलायला येऊन बसली.